वय झालेल्या यकृतातली जनुकं जेवणाला किती दाद देतात?

तुमचं वय ६१, वजन ५८ किलो. सोनोग्राफीत फॅटी लिव्हर, म्हणजे यकृतात चरबी साचलेली, निघाली. वडील यकृताच्याच आजारानं गेले, आणि थोरल्या भावांना मधुमेहाबरोबर हेच दुखणं आहे. यावरून तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. हे घराण्यातूनच आलं असेल तर खाण्यापिण्यात बदल करून काय साधणार? आणि साधणार असेलच, तर साठी उलटल्यावर उशीर झालेला नाही का? जाता जाता बाजारातल्या ‘लिव्हर डिटॉक्स’ गोळ्यांबद्दलही विचारलंय.

माझं काम प्रयोगशाळेतलं. यकृताच्या ऊतीतून आरएनए, म्हणजे चालू जनुकांची पेशीत निघणारी नक्कल, काढायचा आणि कोणती जनुकं किती जोरात चालू आहेत ते मोजायचं, हे मी अनेक वर्षं करत आलोय. तुमच्या औषधांचा निर्णय तुमचे डॉक्टर घेतील. पण तुमचे दोन्ही प्रश्न माझ्या कामाच्या अगदी गाभ्याचे आहेत, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी एक भेद पक्का करून घेऊ. आईवडिलांकडून आलेला डीएनएचा क्रम जन्मभर तोच राहतो. मात्र त्यातलं कोणतं जनुक किती वाचलं जातं, म्हणजे त्याच्यापासून किती आरएनए आणि पुढे किती प्रथिन तयार होतं, हे बदलत असतं. यकृतात तर ते दर जेवणागणिक बदलतं. शरीराच्या फार थोड्या अवयवांत एवढी वरखाली होते, आणि त्याचं कारण यकृताच्या जागेत आहे. त्याला मिळणाऱ्या रक्तापैकी साधारण तीन चतुर्थांश रक्त थेट आतड्यांकडून, प्रवेशिका शिरेतून येतं. तुम्ही खाल्लेली साखर, अमिनो आम्लं, आतड्यातल्या जिवाणूंनी बनवलेले पदार्थ, स्वादुपिंडातून नुकतंच सुटलेलं इन्शुलिन, हे सगळं सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त प्रमाणात यकृताच्या पेशींपाशी पोचतं.

जेवण झालं की इन्शुलिन वाढतं आणि यकृतात एसआरईबीपी-१सी नावाचं नियंत्रक प्रथिन कामाला लागतं. ते पेशीकेंद्रात जाऊन चरबी बनवणाऱ्या विकरांची (एन्झाइमांची) जनुकं चालू करतं. त्याच्या जोडीला सीएचआरईबीपी नावाचं दुसरं नियंत्रक असतं. ते साखरेच्या चयापचयातून तयार होणाऱ्या रेणूंनी जागं होतं, आणि फ्रुक्टोज त्याला विशेष चेतवतं. दोघं मिळून जादा पिष्टमय पदार्थांचं रूपांतर चरबीत करण्याची सगळी यंत्रणा उभी करतात. उलट, रात्रभर पोट रिकामं राहिलं की इन्शुलिन उतरतं, त्याच्या उलट काम करणारं ग्लुकागॉन हे संप्रेरक वाढतं आणि जनुकांचा दुसराच संच चालू होतो: नवीन ग्लुकोज बनवणारा, आणि पीपीएआर-अल्फा या नियंत्रकाच्या हाताखालचा, चरबी जाळून कीटोन, म्हणजे उपाशीपोटी शरीराला चालणारं इंधन, तयार करणारा. निरोगी यकृतात हे दोन संच आलटून पालटून चालतात. फॅटी लिव्हरमध्ये पहिला संच उपाशीपोटीही पुरता बंद होत नाही.

याचं मोजमाप माणसांत झालेलं आहे. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात फॅटी लिव्हरच्या रुग्णांना खूण केलेले रेणू देऊन यकृतातली चरबी कुठून आली याचा माग काढला गेला. सुमारे ५९ टक्के चरबी शरीरातल्या मेदसाठ्यातून रक्तावाटे आलेली होती, १५ टक्के थेट आहारातल्या तेलातुपातून, आणि २६ टक्के यकृतानं स्वतः, मुख्यतः साखर-पिठापासून, बनवलेली. आपल्याकडे फॅटी लिव्हर म्हटलं की लोक आधी तूप बंद करतात आणि चहातली साखर, फळांचे रस, बिस्किटं तशीच चालू ठेवतात. हे आकडे पाहिले की तो क्रम किती उलटा आहे ते कळतं.

आता घराण्याचा मुद्दा. फॅटी लिव्हरशी सर्वांत ठळकपणे जोडलेलं जनुक म्हणजे पीएनपीएलए३. २००८ साली अमेरिकेत डॅलसच्या संशोधकांनी त्यातला एक बदल शोधला. प्रथिनातल्या १४८व्या जागी आयसोल्युसिन या अमिनो आम्लाऐवजी मिथिओनिन आलं की ते प्रथिन चरबीच्या थेंबांवर साचून राहतं आणि चरबी मोकळी होण्यात अडथळा येतो. तुमच्या घरात हा बदल असेलही, चाचणीशिवाय ते सांगता येणार नाही. पण मला तुम्हाला सांगायचंय ते वेगळंच. हे जनुकसुद्धा एसआरईबीपी-१सीच्या हुकमाखाली आहे. उपवासात ते मंदावतं आणि पिष्टमय जेवणानंतर जोरात चालू होतं. म्हणजे जोखमीचा बदल जन्मतः आला, तरी ते प्रथिन किती बनेल हे बऱ्याच अंशी ताटावर ठरतं. लठ्ठपणा असेल तर याच बदलाचा परिणाम कित्येक पट तीव्र दिसतो. वजन उतरवल्यावर ज्यांच्यात हा बदल आहे त्यांच्या यकृतातली चरबी इतरांपेक्षा कमी नव्हे, उलट जास्त उतरल्याचं काही छोट्या अभ्यासांत आढळलंय. त्यामुळे ‘घराण्यातच आहे’ हे कारण खाण्याकडे दुर्लक्ष करायचं नसून अधिक लक्ष द्यायचं आहे.

तुम्ही लिहिलंत की ‘मी तर जाड नाही’. या बाबतीत पुण्यातल्या संशोधनाचं ऋण आपण मानायला हवं. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतल्या बाळांचा अभ्यास करून दाखवलं की आपली बाळं जन्मतः वजनानं कमी असली, तरी त्यांच्यात स्नायूंच्या मानानं चरबी टिकून असते. २००४ साली त्यांनी स्वतःचा आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा फोटो ‘लॅन्सेट’मध्ये छापला होता. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा निर्देशांक, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. काट्यावरचं वजन बेताचं असूनही पोटात आणि यकृतात चरबी असणं ही आपल्याकडची नेहमीची गोष्ट आहे, आणि तुमचा अहवाल त्यात चपखल बसतो.

मग वयाचं काय? इथे मला जास्त वेळ घ्यायचाय, कारण तुमच्या प्रश्नातली खरी भीती तीच आहे.

पहिली नवलाची गोष्ट: वयस्क माणसाच्या यकृतातल्या पेशी म्हाताऱ्या नसतात. २०२२ साली जर्मनी आणि स्वीडनमधल्या शास्त्रज्ञांनी अणुचाचण्यांमुळे वातावरणात वाढलेल्या कार्बन-१४ या किरणोत्सारी कार्बनचा उपयोग करून यकृतपेशींचं वय काढलं. विशीतला माणूस असो की ऐंशीच्या पुढचा, पेशींचं सरासरी वय तीन वर्षांच्या आतच निघालं. काही पेशींत गुणसूत्रांचे जादा संच असतात, त्या जास्त काळ, दहा वर्षांपर्यंत टिकतात. पण एकंदरीत यकृत स्वतःला सतत नवं करत असतं.

पेशी नव्या, तरी जनुकांचं वागणं मात्र वयाप्रमाणे बदलतं. म्हाताऱ्या उंदराचं यकृत आणि तरुण उंदराचं यकृत शेजारी ठेवून आरएनए मोजला की दाह आणि ताणाशी संबंधित जनुकं वर गेलेली दिसतात, तंतू तयार करणारी वर गेलेली दिसतात, आणि औषधं व विषारी पदार्थ निकामी करणारी काही जनुकं खाली आलेली दिसतात. मला स्वतःला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो बदल यापेक्षा सूक्ष्म आहे: जेवणाचा संच आणि उपवासाचा संच यांतला फरक पुसट होतो. २०१० साली केंब्रिज, मॅसॅच्युसेट्समधल्या डेव्हिड सबातिनी यांच्या प्रयोगशाळेनं त्याचं एक कारण दाखवलं. पेशीत पोषण भरपूर आहे असा निरोप देणारं एमटीओआरसी१ नावाचं संकुल उपवासात शांत व्हायला हवं. म्हाताऱ्या उंदरांच्या यकृतात ते शांत होत नाही, म्हणून पीपीएआर-अल्फाला वाव मिळत नाही आणि कीटोन पुरेसे तयार होत नाहीत. पंगत उठली तरी वाढपी वाढतच राहावा, तशी ही स्थिती.

आता उशिराचा प्रश्न. कमी खाल्ल्यानं आयुष्य वाढतं हे कॉर्नेल विद्यापीठात क्लाइव्ह मॅके यांनी १९३५ सालीच उंदरांच्या जातीच्या मोठ्या प्राण्यांत, घुशीएवढ्या रॅटमध्ये, दाखवलं होतं. पण ते प्रयोग कोवळ्या वयापासून सुरू केलेले होते, आणि त्यामुळे म्हातारपणी सुरू करून काही होईल का हे कित्येक दशकं अंधारातच राहिलं. २००१ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रिव्हरसाइड इथल्या स्टीफन स्पिंडलर यांच्या गटानं यकृतातल्या सुमारे ११,००० जनुकांची सक्रियता एकदम मोजली. काही उंदीर जन्मभर कमी उष्मांकांवर होते. काही जन्मभर पोटभर खाऊन म्हातारपणी फक्त चार आठवडे कमी खाणारे होते. वयानं बदललेल्या जनुकांपैकी जन्मभराच्या मिताहारानं जी पूर्वपदाला आली, त्यांतली बहुसंख्य त्या चार आठवड्यांतही आली. २००४ साली याच गटानं दाखवलं की १९ महिन्यांच्या, म्हणजे उतारवयातल्या उंदरांत आहार कमी केला तरी आयुष्य लांबतं.

हा निकाल मी पहिल्यांदा वाचला तेव्हापासून ‘आता वय झालं’ हे वाक्य मला यकृताच्या बाबतीत पटत नाही. तरीही तो जसाच्या तसा माणसाला लावू नये. पिंजऱ्यातल्या उंदराचे ३० ते ४० टक्के उष्मांक कमी करणं निराळं, आणि साठीच्या बाईनं तेवढं कमी खाणं निराळं. तसं केलं तर स्नायू झिजतील, हाडं ठिसूळ होतील. शिवाय एखाद्या जनुकाची सक्रियता तरुणपणासारखी दिसू लागली म्हणजे अवयव तरुण झाला, असंही नाही.

काही खुणा तर हटतच नाहीत. २०१४ साली स्टीव्ह होर्वाथ आणि जर्मनीतल्या संशोधकांनी माणसांच्या यकृताचे नमुने तपासले. डीएनएवर चिकटलेल्या मिथाइल गटांवरून, म्हणजे छोट्या रासायनिक खुणांवरून, ऊतीचं जैविक वय काढण्याची पद्धत होर्वाथ यांनी आदल्या वर्षी मांडली होती. बीएमआय १०नं वाढला की यकृताचं हे वय सुमारे ३.३ वर्षांनी पुढे गेलेलं आढळलं. लठ्ठपणावरच्या शस्त्रक्रियेनंतर वजन झपाट्यानं उतरलं, तरी नऊ महिन्यांपर्यंतच्या काळात ते मागे आलं नाही. मात्र जर्मनीतल्याच आदल्या वर्षीच्या अभ्यासात, शस्त्रक्रियेनंतर फॅटी लिव्हरशी निगडित असलेल्या मिथाइल खुणांपैकी काही पूर्ववत झालेल्या होत्या. दोन्ही निकाल एकत्र वाचले तर चित्र स्पष्ट होतं: आजाराच्या खुणा वयाच्या खुणांपेक्षा लवकर हलतात. आणि तुम्हाला हलवायच्या आहेत त्या आजाराच्या.

वेळेबद्दलही थोडं सांगायला हवं, कारण आपल्याकडे रात्री दहाला जेवायची पद्धत रुळली आहे. यकृताचं स्वतःचं घड्याळ असतं. मेंदूतलं घड्याळ उजेडावर चालतं, पण यकृताचं घड्याळ मुख्यतः जेवणाच्या वेळेवर लागतं. जिनिव्हाच्या उली शिब्लर यांच्या गटानं २००० साली उंदरांना अवेळी खाऊ घालून ते सिद्ध केलं. सॉल्क संस्थेतल्या सच्चिदानंद पांडा यांच्या गटानं २०१२ साली दाखवलं की तेच चरबीयुक्त अन्न, तेवढेच उष्मांक, पण फक्त आठ तासांच्या खिडकीत दिले तर उंदरांचं यकृत चरबीपासून बरंच वाचतं. २०२२ साली डॅलसमधल्या जोसेफ ताकाहाशी यांनी त्यावर वयाची कसोटी लावली. ३० टक्के कमी अन्न दिवसरात्र थोडं थोडं दिलं तर उंदरांचं आयुष्य १० टक्क्यांनी वाढलं. तेवढंच अन्न त्यांच्या जागेपणी, म्हणजे रात्री दिलं तर ३५ टक्क्यांनी. त्यांनी यकृतही तपासलं. वयाबरोबर दाहाची जनुकं वाढतात, आणि योग्य वेळी दिलेल्या मिताहारानं ती वाढ सर्वांत जास्त रोखली.

उंदीर निशाचर आणि आपण दिवसा वावरणारे. म्हणून माणसाच्या बाबतीत याचा अर्थ रात्रीचं जेवण लवकर आणि हलकं, असा घ्यावा. माणसांतल्या चाचण्यांत मात्र वेळेचा स्वतंत्र फायदा उंदरांइतका ठळक दिसलेला नाही. एकूण किती खाल्लं हेच वरचढ ठरतं. तरीही संध्याकाळी साडेसात ते सकाळी साडेसात हे बारा तास पोट रिकामं ठेवायला पैसे लागत नाहीत, तेव्हा ते जरूर करा. मधुमेहाची औषधं चालू असतील तर मात्र डॉक्टरांना विचारून.

उपवासाचंही सांगतो. एकादशीला साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस, वर राजगिऱ्याचा लाडू, असा दिवस यकृताच्या दृष्टीनं उपवासाचा नाही. साबुदाणा म्हणजे जवळजवळ शुद्ध पिष्ट. इन्शुलिन नेहमीइतकं किंवा त्याहून जास्त वाढतं आणि मी वर सांगितलेला पहिला, चरबी बनवणारा संच दिवसभर चालू राहतो. श्रद्धेचा भाग तुमचा. यकृतासाठी म्हणून उपवास करत असाल तर ताक, थोडे शेंगदाणे, एखादं फळ एवढ्यावर भागवा.

फ्रुक्टोज कमी केल्याचा परिणाम किती लवकर होतो, याचं उदाहरण लहान मुलांतलं आहे. सॅन फ्रान्सिस्कोत २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लठ्ठ मुलांच्या आहारातली साखर काढून तेवढ्याच उष्मांकांचं पिष्ट दिलं. नऊ दिवसांत यकृतातल्या चरबीचा मध्यांक ७.२ टक्क्यांवरून ३.८ टक्क्यांवर आला, आणि यकृतात नव्यानं चरबी बनण्याचं प्रमाणही घसरलं. साठीचं यकृत याच वेगानं उतरेल असं मी म्हणणार नाही. पण उसाचा रस, शीतपेयं, डब्यातले ज्यूस आणि गोड बिस्किटं यांच्यावर आधी हात ठेवायचा, हे त्यावरून नक्की ठरतं. भाकरी की चपाती हा वाद त्यानंतरचा. माझ्या मते दोन्हींचं प्रमाण किती हेच जास्त मोलाचं.

तुमच्यासाठी आकडा असा. बारीक चणीच्या लोकांत ३ ते ५ टक्के वजन उतरलं तरी यकृतातली चरबी पुष्कळदा पुरेशी उतरते. ५८ किलोला म्हणजे दोन ते तीन किलो, आणि तेही सहाएक महिन्यांत, सावकाश. या वयात उतरलेल्या वजनातला मोठा भाग स्नायूंचा असेल तर तो तोटाच आहे. म्हणून मूत्रपिंडाचा त्रास नसेल तर दिवसाला प्रतिकिलो १ ते १.२ ग्रॅम प्रथिन, म्हणजे तुम्हाला ५८ ते ७० ग्रॅम, घ्या. एक वाटी पातळ वरण रोज दोनदा घेऊन ते होत नाही. घट्ट डाळ, उसळी, दही, पनीर, चालत असतील तर अंडी आणि मासे, असं मुद्दाम जुळवावं लागतं. जोडीला चालण्याखेरीज आठवड्यातून दोन-तीनदा स्नायूंना भार देणारा व्यायाम. काम करणारा स्नायू रक्तातली साखर ओढून घेतो, आणि यकृताकडे चरबी बनवायला तेवढी कमी उरते.

गोळ्यांविषयी मी स्पष्टच लिहितो: डिटॉक्स म्हणून विकलं जाणारं काहीही घेऊ नका. सिडनी विद्यापीठाच्या गटानं २०२१ साली उंदरांच्या यकृतावर आहार आणि मेटफॉर्मिन, रॅपामायसिन, रेसव्हेरॅट्रॉल या तीन औषधांचा परिणाम शेजारी ठेवून पाहिला. यकृतातल्या प्रथिनांवर आहाराची पकड औषधांपेक्षा कितीतरी घट्ट निघाली. औषधांनी उलट आहाराला मिळणारा प्रतिसाद बोथट केला. मेटफॉर्मिन मधुमेहासाठी दिलेलं असेल तर ते अर्थातच चालू ठेवायचं, हा मुद्दा ‘तारुण्यासाठी’ गोळ्या घेणाऱ्यांचा आहे. वनस्पतीजन्य म्हणजे निर्धोक, हेही खरं नाही. कोविडच्या काळात गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांत यकृताला इजा झाल्याच्या नोंदी मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ साली प्रसिद्ध केल्या. त्यावर वाद झाला, पण आधीच आजारी असलेल्या यकृतावर असले प्रयोग करण्याचं काही कारण मला दिसत नाही. लाळेच्या नमुन्यावरून ‘तुमच्या जनुकांना साजेसा आहार’ सांगणाऱ्या चाचण्याही सध्या सोडून द्या. त्या डीएनएचा क्रम वाचतात. यकृतात आज काय चालू आणि काय बंद आहे, हे लाळेतून कळत नाही.

त्या पैशांत करण्याजोगी साधी तपासणी आहे. वय, रक्तातली एसजीओटी व एसजीपीटी ही यकृताची विकरं आणि प्लेटलेटची संख्या यांवरून एफआयबी-४ नावाचा गुणांक निघतो. तुमच्या डॉक्टरांना सांगा, ते दोन मिनिटांत काढतील. तो १.३ पेक्षा कमी असेल तर यकृतात घट्ट व्रण तयार झाल्याची शक्यता कमी. जास्त असेल तर फायब्रोस्कॅन, म्हणजे यकृताचा घट्टपणा बाहेरून मोजणारी तपासणी, करून घ्या, कारण चरबी लवकर उतरते, व्रण उतरायला वर्षं लागतात आणि कधी कधी तो उतरत नाही. तुमच्या भावांचं वय ६५च्या पुढे असेल तर त्यांच्यासाठी ही मर्यादा २.० धरतात. त्यांना मधुमेह आहे आणि वडिलांचा इतिहासही, त्यामुळे त्यांची तपासणी तुमच्याही आधी व्हायला हवी. त्यांना या महिन्यातच घेऊन जा.